गाव कुणीकडे झुकतं? बूथनिहाय आकडे कसे वाचावेत

निकाल लागला की तालुक्याच्या चौकात दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "गाव फिरलं." दुसरं, "गाव काही हललं नाही." यातलं खरं कोणतं, ते आमदार कोण झाला यावरून कळत नाही. एका विधानसभा मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास बूथ असतात आणि प्रत्येक बूथचा हिशेब सरकारी कागदावर स्वतंत्र लिहिलेला असतो. तो कागद वाचता आला, तर विदर्भातलं आर्वी असो, दर्यापूर असो की आमगाव, त्या गावाबद्दल पारावरच्या अंदाजापेक्षा बरंच नेमकं बोलता येतं. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. बेरीज, टक्केवारी आणि चिकाटी एवढं पुरतं.

कागद कोणते लागतात

मुख्य कागद म्हणजे फॉर्म २०, म्हणजेच अंतिम निकालपत्रक. त्यात प्रत्येक मतदान केंद्राच्या ओळीत प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा आणि एकूण बेरीज असते. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय फाइल मिळते. लोकसभेचा फॉर्म २० विधानसभा क्षेत्रानुसार वेगवेगळा असतो, त्यामुळे तुमच्या तालुक्याचा भाग नेमका वेगळा काढता येतो.

किमान चार निवडणुका घ्या: २०१९ ची लोकसभा, २०१९ ची विधानसभा, २०२४ ची लोकसभा आणि २०२४ ची विधानसभा. एकाच निवडणुकीवरून गावाचा कल सांगणं म्हणजे एका पावसावरून हंगाम सांगणं. २००९ च्या मागे जायचं असेल तर सांभाळून. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, जुनी नावं नव्या हद्दींना चिकटली, आणि यवतमाळ-वाशीम किंवा गडचिरोली-चिमूर हे लोकसभा मतदारसंघ तर त्याच पुनर्रचनेतून आले. नाव तेच दिसलं तरी गावं तीच असतील असं धरू नका.

दुसरा कागद मतदान केंद्रांची यादी. कोणत्या क्रमांकाचं केंद्र कोणत्या शाळेत आहे आणि त्यात कोणती गावं, कोणते वॉर्ड येतात, हे तिथे असतं. ही यादी प्रत्येक निवडणुकीची वेगळी काढा. तिसरा कागद २०११ च्या जनगणनेचा गावनिहाय तक्ता. त्याचा उपयोग आणि मर्यादा पुढे येतील.

जिल्ह्याच्या नावावर विसंबून लोकसभेची फाइल उघडू नका. धामणगाव रेल्वे आणि मोर्शी अमरावती जिल्ह्यात आहेत, पण मतदान वर्धा लोकसभेसाठी करतात. वणी आणि आर्णी यवतमाळ जिल्ह्यातले, पण चंद्रपूर लोकसभेत. उमरखेड हिंगोलीत जातं, रिसोड अकोल्यात. चुकीच्या फाइलमध्ये अर्धा दिवस गाव शोधणारे लोक कमी नाहीत.

तक्ता उतरवून घेताना

फाइल बहुधा स्कॅन केलेली असते. अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरवर टाकली की १ चा ७ होतो, ३ चा ८ होतो. म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज स्वतः करून छापील बेरजेशी ताडून पाहा. त्यानंतर प्रत्येक उमेदवाराच्या स्तंभाची उभी बेरीज शेवटच्या पानावरच्या एकूण आकड्याशी जुळवा. आडवी आणि उभी दोन्ही जुळली, तरच पुढे जा. एक ओळ चुकली तर तेच गाव "आश्चर्यकारक" म्हणून समोर येतं आणि त्यावर लोक मोठमोठे निष्कर्ष काढून बसतात.

उमेदवारांची नावं बऱ्याचदा फक्त पहिल्या पानावर असतात. त्यांचा क्रम दर निवडणुकीत बदलतो: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. म्हणजे मागच्या वेळी तिसऱ्या स्तंभात असलेला पक्ष या वेळी पहिल्या स्तंभात असू शकतो. उमेदवार १५ च्या वर गेले की मशीनला दुसरं बॅलट युनिट लागतं आणि तक्ताही रुंद होऊन दोन पानांत फुटतो. अशा वेळी उजवीकडची पानं जोडताना एक ओळ वरखाली सरकते. हे सगळ्यात जास्त वेळा होतं.

एखाद्या बूथची ओळ शून्य किंवा रिकामी दिसली तर लगेच संशय घेऊ नका. सकाळच्या अभिरूप मतदानाची, म्हणजे मशीन तपासायला टाकलेली चाचणी मतं पुसायची राहिली तर ते मशीन मोजणीत बाजूला ठेवलं जातं आणि विजयाचा फरक त्यातल्या मतांपेक्षा मोठा असेल तर मोजलंच जात नाही. अशी ओळ हिशेबातून वगळा आणि वगळल्याची नोंद करा.

टपाली मतं शेवटी एकत्र येतात, बूथवर वाटली जात नाहीत. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. तीही टपाली खात्यात जातात. त्यामुळे ज्या गावात म्हातारी माणसं जास्त, तिथल्या बूथच्या आकड्यात ती थोडी कमी दिसतील.

बूथ जुळवणं: सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात महत्त्वाचं

बूथचा क्रमांक हे गावाचं नाव नाही. मतदार वाढले की केंद्र फुटतं, कमी झाले की जोडलं जातं, आणि मग पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभेच्या मधल्या सहा महिन्यांतही अनेक केंद्रांची फेररचना झाली. "११२ नंबरच्या बूथवर लीड तुटली" असं कुणी म्हटलं, तर दोन्ही वेळी ११२ म्हणजे तेच गाव होतं का, एवढंच आधी विचारा.

रीत अशी. एका वहीत डावीकडे गावाचं किंवा वॉर्डाचं नाव लिहा. पुढे चार निवडणुकांचे चार रकाने करून त्या त्या वेळचे बूथ क्रमांक भरा. गावाचे तीन बूथ असतील तर तिन्हींची मतं बेरीज करून गावाची एक ओळ तयार करा. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावं मिळून एकच बूथ असतो. तिथे गावं वेगळी करण्याचा मार्ग नाही, तर तसंच ठेवा. अंदाजाने फोडू नका. तालुक्याच्या गावात हद्दी जास्त हलतात, कारण एकाच नगर परिषद शाळेत चार खोल्यांत चार बूथ असतात आणि कोणता मोहल्ला कोणत्या खोलीत गेला हे मतदार यादीचा भाग उघडल्याशिवाय कळत नाही. तिथे वॉर्डाऐवजी शाळा हेच एकक धरलेलं बरं.

झुकाव कसा काढायचा

आता मुख्य काम. समजा एका बूथवर लोकसभेच्या वेळी यादीत १,०८० नावं होती आणि ६४८ मतं पडली. अ पक्षाला ३५६, ब पक्षाला २२७, इतरांना ५२, नोटाला १३. विधानसभेला यादी १,१२० झाली आणि ७८४ मतं पडली. अ ला ३४९, ब ला ३६६, इतरांना ६१, नोटाला ८.

चौकात काय म्हणतील? "गाव फिरलं. अ ची १२९ ची लीड गेली आणि १७ ने मायनस झाला." आकडे बरोबर आहेत, वाक्य मात्र तपासायला हवं.

आधी नुसती मतं पाहा, टक्के नाही. अ ची मतं ३५६ वरून ३४९ झाली, म्हणजे फक्त ७ कमी. ब ची १३९ वाढली. आणि एकूण मतदान किती वाढलं? १३६. म्हणजे अ सोडून ब कडे लोक गेले, यापेक्षा लोकसभेला घरी राहिलेले लोक विधानसभेला बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक ब कडे गेले, ही शक्यता जास्त आहे. दोन्ही बाजूंनी थोडी ये-जा झालीच असेल, ती या कागदावर दिसत नाही. पण अ च्या कार्यकर्त्याने इथे "आपली मतं फुटली" म्हणून घरोघर संशय घेत फिरणं चुकीचं आहे. त्याने शोधायचं ते हे की लोकसभेला न आलेले लोक कोण होते.

मग टक्के काढा. लोकसभेला अ ला ५४.९ टक्के, विधानसभेला ४४.५. आता हेच टक्के पूर्ण विधानसभा क्षेत्राचे काढा. समजा क्षेत्रात अ ला लोकसभेत ५०.० आणि विधानसभेत ३८.५ टक्के मिळाले. बूथमधून क्षेत्र वजा करा: पहिल्या वेळी ४.९, दुसऱ्या वेळी ६.०. म्हणजे वारं सगळ्या तालुक्यात अ च्या विरोधात गेलं आणि त्या वाऱ्यात हे गाव इतरांपेक्षा कमी हललं. जिथे अ हरला, तेच गाव आज त्याच्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त घट्ट आहे.

हा वजाबाकीचा आकडा म्हणजे गावाचा झुकाव. चार निवडणुकांचे चार आकडे शेजारी मांडा. सगळे अधिक आणि जवळपास सारखे असतील तर गाव त्या बाजूचं, मग लीड मिळो की न मिळो. एकदा अधिक एकदा उणे असेल तर तिथे पक्षापेक्षा उमेदवार चालतो. आणि शून्याच्या आसपास राहणारी गावं म्हणजे मतदारसंघाची नाडी. मोजणीच्या दिवशी आधी त्यांच्याकडे बघावं. नोटा धरून टक्के काढा किंवा वगळून काढा, पण चारही वेळा एकच पद्धत ठेवा. अनामत रक्कम वाचली की नाही हे पाहताना मात्र वैध मतांचा सहावा हिस्सा धरतात आणि त्यात नोटा येत नाही.

पक्ष, चिन्ह आणि घरचा माणूस

२०१९ आणि २०२४ ची तुलना पक्षाच्या नावाने करता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाकडे गेलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे. त्यामुळे स्तंभ आघाडीनुसार करा: त्या वेळी एका बाजूने कोण उभा होता आणि दुसऱ्या बाजूने कोण, आणि शेजारी चिन्ह लिहा.

चिन्ह लिहायचं कारण वर्ध्यात दिसतं. तिथे २०१९ ला भाजपसमोर काँग्रेसचा पंजा होता. २०२४ ला ती जागा शरद पवारांच्या पक्षाला गेली आणि मशीनवर पंजाच नव्हता, तुतारी वाजवणारा माणूस होता. निवडून आलेले अमर काळे हे आर्वीचे माजी आमदार. म्हणजे आर्वी क्षेत्रातल्या आकड्यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत: आघाडीचा कल, नवं चिन्ह आणि घरचा उमेदवार. त्या सुट्या करायच्या तर आर्वीची तुलना त्याच लोकसभेतल्या हिंगणघाट किंवा मोर्शीशी करा. घरच्या तालुक्यात जेवढं जास्त मिळालं, तेवढं साधारण उमेदवाराचं.

तिरंगी लढतीत दोन बाजूंचं गणित मोडतं. अकोला हे त्याचं ठळक उदाहरण. प्रकाश आंबेडकर तिथून १९९८ आणि १९९९ ला निवडून आले, २०१९ ला दुसऱ्या आणि २०२४ ला तिसऱ्या क्रमांकावर राहिले. अशा ठिकाणी तिन्ही बाजूंचा झुकाव स्वतंत्र काढावा लागतो. "वंचितने (आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीने) मतं खाल्ली" हे वाक्य विदर्भात फार सहज वापरलं जातं. ते मतदार दुसऱ्या कुणाच्या ताटातले होते हे आधीच धरून ते बोललं जातं. १९५६ च्या दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेनंतर आणि १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाल्यापासून या मतदारांचं स्वतःचं राजकारण आहे. त्यांना कुणाचं तरी खाल्लेलं मत म्हणून मोजणं आम्हाला मान्य नाही, आणि आकड्यांच्या हिशेबातही ते चुकीचं ठरतं: तो उमेदवार नसता तर त्यातले किती घरी बसले असते, हे फॉर्म २० सांगत नाही.

राखीव मतदारसंघात आणखी एक काळजी. मेळघाट, आर्णी, राळेगाव, आमगाव, आरमोरी हे अनुसूचित जमातींसाठी राखीव. दर्यापूर, मूर्तिजापूर, मेहकर, उमरेड अनुसूचित जातींसाठी. तिथे सगळे मुख्य उमेदवार राखीव प्रवर्गातलेच असल्याने कुणबी, तेली, माळी यांच्या मोठ्या गावांत मत "आपल्या माणसाला" जायचा प्रश्न येत नाही. पक्षाचा कल अशा गावांत जास्त स्वच्छ दिसतो. शेजारच्या खुल्या मतदारसंघातला अंदाज मात्र तिथे चालवू नका.

मतदान किती झालं आणि कोणत्या दिवसांत

टक्केवारी वाचताना दिनदर्शिका जवळ ठेवा. २०२४ ची लोकसभा विदर्भात १९ आणि २६ एप्रिलला झाली. ऊन, लग्नसराई, जंगलपट्ट्यात मोहफुलाचे दिवस. विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. कापसाची वेचणी सुरू, पूर्वेकडे धानाची कापणी-मळणी. वेचणीला सकाळी निघालेली बाई संध्याकाळी पाचनंतर बूथवर येते, म्हणून कापूसपट्ट्यात शेवटच्या तासाच्या रांगा मोठ्या असतात. गडचिरोली आणि गोंदियाच्या संवेदनशील भागात मतदान दुपारी ३ वाजताच संपतं. तिथली टक्केवारी यवतमाळच्या गावाशी ताडून पाहू नका.

यादीतली नावं म्हणजे गावात हजर असलेली माणसं नव्हेत. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं, लग्न होऊन गेलेल्या मुली, मेलेली पण यादीत राहिलेली माणसं, पुण्या-नागपूरला शिकणारी पोरं ही सगळी भागाकारात असतात. ५२ टक्के मतदान झालेल्या तांड्याला "उदासीन" म्हणण्याआधी तिथले किती जण त्या आठवड्यात गावात होते ते बीएलओला (बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला) किंवा आशाताईला विचारा.

महिलांनी काय केलं, यावरही सावध राहा. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले आणि नोव्हेंबरच्या निकालाचं श्रेय सरसकट त्या योजनेला दिलं गेलं. फॉर्म २० मध्ये मतं स्त्री-पुरुष अशी विभागलेली नसतात. फार तर किती स्त्रियांनी मतदान केलं हे बूथनिहाय मिळतं. तो आकडा एप्रिलपेक्षा किती वाढला हे बघा. वाढला असेल तर तेवढंच म्हणा. भावाचंही तसंच आहे. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत त्याहून कमी दर मिळत होता, तरी विदर्भातल्या बहुतेक जागा सत्ताधारी महायुतीने जिंकल्या. भावाचा राग खोटा होता असा याचा अर्थ नाही. एका कारणावर गाव चालत नाही, एवढं नक्की.

समाज, वस्ती आणि अंदाजाची हद्द

जातीचा हिशेब सगळेच करतात, पण बहुतेकदा आकड्यांशिवाय. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय फक्त अनुसूचित जाती आणि जमातींची लोकसंख्या मिळते. इतर जातींची मिळत नाही, आणि धर्मनिहाय आकडे गावपातळीवर दिलेले नाहीत. म्हणजे कुणी "आमच्या गावात इतके टक्के अमुक" म्हणाला की तो अंदाज आहे. अंदाज म्हणूनच लिहा.

समजा ४० टक्के अनुसूचित जमाती असलेल्या बूथवर एका उमेदवाराला ४० टक्के मतं पडली. त्या उमेदवाराला आदिवासींनीच मतं दिली, असं यातून सिद्ध होत नाही. गोंड, कोलाम, परधान यांची मतं चार ठिकाणी वाटलेली असू शकतात आणि ती ४० टक्के भलतीकडूनच आलेली असू शकतात. असा दावा करायचाच असेल, तर एकाच समाजाची जवळजवळ पूर्ण वस्ती असलेले दहा-बारा बूथ घ्या, कोलामांचे पोड किंवा बंजारा तांडे असे, आणि ते सगळे एकाच बाजूला झुकतात का ते पाहा. ते वेगवेगळे झुकले, तर गठ्ठा मतदानाची गोष्ट तिथेच थांबवा. बऱ्याचदा थांबवावी लागते.

गावात विचारपूस करताना "मत कुणाला दिलं" हा प्रश्न कधीच नको. त्याऐवजी विचारा: कोणत्या पक्षाचं टेबल दिवसभर भरलेलं होतं, विजेची डीपी जळाली तर फोन कुणाला करतात, पीकविम्याच्या कामासाठी कुणाकडे जातात, मागच्या पाच वर्षांत पांदण रस्ता झाला का. उत्तरं मिळतात, आणि कुणाची अडचण होत नाही.

ग्रामपंचायतीचा निकाल इथे मिसळू नका

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनेलमध्ये दोन्ही पक्षांचे लोक एकत्र असतात. भावकी, पाण्याची टाकी, जुनं भांडण यावर ती लढली जाते. सरपंच आपल्या विचाराचा आला म्हणून पक्ष गाव जिंकल्याचा दावा करतो, तो सोडून द्या. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती चिन्हावर होतात, मतदार जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक आणि पंचायत समितीच्या गणासाठी एक अशी दोन मतं देतो. या दोन मतांतला फरक फार बोलका असतो: गटाला एका पक्षाला आणि गणाला दुसऱ्याला मत पडलं असेल, तर तिथे कुणीतरी माणूस पक्षापेक्षा मोठा आहे. हे तक्ते जिथे ऑनलाइन नसतात तिथे तहसील कार्यालयात माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे २ रुपये. अर्जात "निवडणुकीची माहिती" असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. गट, गण, वर्ष आणि "मतदान केंद्रनिहाय मतमोजणी तक्ता" हे शब्द लिहा.

लहान बूथ

मतदान गुप्त आहे, पण बूथ लहान असला की गुप्तता पातळ होते. शंभर मतांचा पाडा, त्यातली ९१ एका बाजूला. उरलेले ९ कोण, याची चर्चा गावात दुसऱ्याच दिवशी सुरू होते आणि त्याचा त्रास विहिरीवर, मजुरीवर, रेशनवर निघू शकतो. म्हणूनच अनेक बूथची मतं एकत्र करून मोजावीत, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला होता. तो अमलात आला नाही, त्यामुळे ही काळजी तक्ता करणाऱ्यानेच घ्यायची. ३०० पेक्षा कमी मतं पडलेले बूथ शेजारच्या बूथमध्ये मिळवूनच लोकांसमोर मांडा. मतदार यादीतली नावं, घर क्रमांक, आडनावांवरून केलेल्या खुणा तक्त्यात ठेवू नका. आणि एखादा गावपुढारी "फक्त आमच्या टोलीचा (वस्तीचा) आकडा काढून द्या" म्हणाला, तर त्याला पूर्ण गावाची एकच ओळ द्या.